आईच्या दंडावरचा शुगर सेन्सर

आईची शुगर रात्री उतरत्येय असा संशय होता, म्हणून बेळगावातनं फ्रीस्टाईल लिब्रे हा शुगर सेन्सर आणला, आम्ही खानापूरकडचे. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा गोल बिल्ला, दंडाच्या मागं चिकटवायचा, 14 दिवस राहतो, आंघोळीलाबी काढायचा नाही. आतली बारीक तार रक्तातली नाही तर कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते, त्यामुळं आकडा काही मिनिटं मागं असतो, म्हणून घाम फुटला, चक्कर आली आणि आकडा चांगला दिसला तरी बोट टोचून बघाच. 8 तासांत एकदा तरी फोन किंवा त्याचा रीडर बिल्ल्याजवळ धरून स्कॅन करायचं, नाहीतर मधला डेटा जातो.

मला सगळ्यात आवडला तो आकड्याशेजारचा बाण, 110 असलं आणि बाण सरळ खाली असला, म्हणजे साखर झपाट्यानं उतरत्येय, की लगेच काहीतरी खायला द्यायचं. पहाटेची घसरण ग्राफमध्ये दिसली, डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. आणि कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) खाल्ल्यावर रेषा कशी चढते ते आईनं स्वतः बघितलं, आता वाटी तीच बाजूला सरकवते. दर पंधरवड्याचा खर्च आहे, सगळ्यांना झेपणार नाही, पण इन्सुलिनवरचं म्हातारं माणूस घरात असलं तर एकदा तरी लावून बघा.