क्लच सिलिंडरचं सील किट : आठ महिने वापरल्यावर

हे किट, म्हणजे सिलिंडरच्या आतली रबरी सील बदलायचा संच, मी मास्टर सिलिंडरवर (क्लच पेडलने चालणारा, ऑइल ढकलणारा) वापरलं आणि स्लेव्हवरही (खालचा, त्या ऑइलने दांडा सरकवून क्लच सोडवणारा). मास्टरचं काम आजही चोख आहे. स्लेव्ह मात्र तिसऱ्या आठवड्यात गळायला लागला. दोन्ही किट एकाच कंपनीची, बसवणारे हातही तेच. फरक कुठे पडला ते सांगायला हे लिहितोय. मला हे आधी कळलं असतं तर स्लेव्ह दोनदा उतरवावा लागला नसता.

गाडी २४ वर्षांची. सुरुवात रिव्हर्सपासून झाली. टाकताना खर्र असा आवाज. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच नीट सुटत नसला, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नसलं की पहिली बोंब तिथूनच येते. मग पहिला गिअरही जोर लावल्याशिवाय पडेना. इंजिन बंद केलं की तेच गिअर अलगद पडायचे. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं तर चालू इंजिनवरही एखाद मिनिट सगळं सुरळीत.

गाडी दाखवली तिथे क्लचच्या ऑइलची (यात ब्रेक ऑइलच असतं) टाकी उघडून बघितली, ती भरलेली होती. म्हणून निदान झालं की ऑइलकडे दोष नाही, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला ते पटेना. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र ओढत नाही. माझी गाडी छान ओढत होती. तिला अडचण होती ती क्लच सुटण्याची. शिवाय पेडल पंप केल्यावर बरा होणारा दोष प्लेटचा कसा असेल? पंप केल्याने फक्त ऑइलचा दाब वाढतो.

खरं निदान मुलीने केलं. मी खाली वाकून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते बघत होतो, ती पेडल दाबून बसली होती. ‘बाबा, मी पाय हलवलेला नाही, पण पेडल खाली चाललंय.’ मी परत दाबायला सांगितलं. दांडा आधी पूर्ण बाहेर आला आणि मग माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू मागे सरकत गेला, गोगलगायीसारखा. मग स्लेव्हजवळचा रबरी पाइप गोल जबड्याच्या क्लँपने बंद केला (धारदार पकडीने कधीच नको, पाइप आतून चिरतो) आणि पुन्हा पेडल दाबायला लावलं. तरीही ते बसतच गेलं. स्लेव्हची वाट बंद असताना पेडल बसतं, म्हणजे दाब मास्टरमध्येच सुटतोय. आतलं सील ऑइल धरून ठेवत नाही, ते सीलला वळसा घालून परत टाकीत जातं. ऑइल बाहेर सांडतच नाही, मग टाकीची पातळी कमी कशी होणार? भरलेली टाकी बघून हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारी यंत्रणा) ठीक आहे म्हणणं म्हणूनच चूक.

या यंत्रणेत चुकीला जागा किती कमी आहे, तेही सांगतो. माझ्या मास्टरचा बोअर (पिस्टन सरकतो ती आतली गोल पोकळी) १५.८७ मिमी, म्हणजे पाच अष्टमांश इंच, आणि स्लेव्हचा १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच. मास्टरचा पिस्टन २५ मिमी सरकला की स्लेव्हचा जेमतेम १७ मिमी सरकतो. या सगळ्यात ढकललं जाणारं ऑइल साधारण ५ मिली, चहाच्या चमच्याएवढं! त्यातला पाव चमचा जरी सीलच्या मागे निसटला तरी क्लच अर्धवट सुटतो.

आता किट. मास्टरच्या पाकिटात मुख्य सील, मागचं सील, पिस्टन आणि सीलच्या मध्ये बसणारी पातळ चकती, स्प्रिंग, लॉक आणि धूळ अडवणारी रबरी टोपी. रबर चांगलं आहे. जुनं सील शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा फरक लगेच दिसला. जुन्याची कड गोल आणि चकचकीत झालेली, नखाने दाबली तर दबलेलीच राहायची. नव्याची कड पातळ, टोकदार, सोडताच उसळून जागेवर. ही कड ऑइलच्या दाबाकडे तोंड करून बसवायची. उलटी बसली तर दाब धरतच नाही. हे सांगणारा कागद पाकिटात नाही, चित्रही नाही. माझी पहिली तक्रार हीच. दुसरी तक्रार, पाइपच्या जोडाला लागणारे तांब्याचे वायसर दिलेले नाहीत. जुने पुन्हा लावायचे नसतात, ते आधीच घेऊन ठेवा.

बसवताना सील ब्रेक ऑइलमध्येच बुडवून घ्या. पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावाल तर हे रबर फुगेल आणि किट वाया जाईल. मास्टरचा बोअर मी टॉर्च लावून पाहिला, आत बोट फिरवलं, आरशासारखा गुळगुळीत. सगळं काम दीड तासात झालं. त्यातला तासभर डॅशबोर्डखाली उताणं पडून पेडलची पिन काढण्यात गेला.

स्लेव्हची टोपी उचलली तर आत ओल होती, म्हणून लगे हात त्याचंही किट घातलं. इथे माझी चूक झाली. त्याच्या बोअरमध्ये बोट फिरवताना एका जागी नख अडकलं. डाळीच्या दाण्याहून लहान, गंजाने खाल्लेला खड्डा. मी बारीक पॉलिश पेपर फिरवला, खड्डा उथळ झाला असं मानलं आणि सील बसवलं. नवीन सीलची कड दर वेळी त्या खड्ड्यावरून घासत गेली. तिसऱ्या आठवड्यात टोपीखाली थेंब. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि स्लेव्ह सगळ्यात खाली असतो. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत गंज बहुधा तिथेच सापडतो. खड्डा असेल तर किट घेऊच नका, पूर्ण सिलिंडर घ्या. मी शेवटी तेच केलं.

सिलिंडर उघडल्यावर पाइपात शिरलेली हवा काढण्यावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण बरेच जण इथे हरतात आणि किटला दोष देतात. पेडल दाब, धर, स्लेव्हवरचं निप्पल (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) उघड, बंद, पेडल सोड, अशी नेहमीची पद्धत आम्ही ४० वेळा केली असेल. बुडबुडे थांबले, पेडल मात्र स्पंजासारखंच. पाइपच्या वरच्या वळणात हवा बसली होती आणि ५ मिली ऑइलच्या रेट्याने ती खाली येत नव्हती. मग टाकी अर्धी रिकामी केली, स्लेव्हच्या निप्पलला नळी लावून मोठ्या सिरिंजने खालून वर ऑइल ढकललं. हवेला वरच जायचं असतं, तिला तिकडूनच वाट दिली. टाकीत एक मोठा बुडबुडा फुटला आणि पेडल तिथेच टणक झालं. टाकीवर डोळा ठेवा, भरून वाहिली तर ऑइल रंग खातं. झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ हाच ग्रेड घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

शेवटी पेडलला वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल ठेवा. पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं आणि क्लच घसरायला लागतो. मग खरोखरच प्लेट जाईल.

माझं मत : मास्टरच्या किटला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कागद आणि वायसर नसल्यामुळे कापला. स्लेव्हच्या किटला मी गुण देत नाही, कारण त्याला खराब बोअरमध्ये बसवलं होतं. रबर त्याचंही उत्तमच होतं. नवीन स्लेव्ह लावल्यापासून पेडल पूर्ण मिनिटभर दाबून धरलं तरी जागचं हलत नाही, दर महिन्याला मुलगी स्वतःच तपासते. रिव्हर्स आवाज न करता पडतो. गिअरबॉक्सला अजून कुणी हात लावलेला नाही.