मळमळीचा मनगटी पट्टा, सहा महिने वापरून

मला गॅस्ट्रोपॅरेसिस आहे म्हणजे पोट रिकामं व्हायलाच तासन् तास लागतात, रात्रीचा भात सकाळी उलटीत जसाच्या तसा दिसतो (सॉरी, पण खरंय). ऑनलाइन २५० रुपयांना हा पट्टा घेतला. आत प्लास्टिकचं बटण आहे, ते मनगटाच्या रेषेपासून कोपराच्या बाजूला तीन बोटं मोजून आतल्या बाजूच्या दोन कंडरांच्या (हाताला दोरीसारख्या लागतात त्या) बरोब्बर मधे बसवायचं, जरा सरकलं की नुसतं बांगडीसारखं घालून फिरा. एसटीत, घाटात मला बराच फरक पडतो, तोंडाला पाणी सुटायचं कमी होतं आणि निदान बसस्टँड येईपर्यंत पिशवी लागत नाही. पण एकदा उलट्या सुरू झाल्या की शून्य उपयोग, तिथे डॉक्टरांची गोळी आणि चमच्या-चमच्याने ओआरएसच. आई म्हणते हे थेर कशाला, आलेपाक चघळ, पण मला शुगर आहे ना, म्हणून नुसतं आलं.

तक्रार एकच, दोन महिन्यांत इलॅस्टिक सैल झालं, विकणाऱ्याने बदलूनही दिलं नाही, आता मीच टाका मारलाय. पाचपैकी साडेतीन.