झिजलेल्या गुडघ्याची वाटी फुटली तर: एकच शस्त्रक्रिया की दोन टप्पे?

सत्तरीतल्या माणसाची पडल्यामुळे गुडघ्याची वाटी फुटते आणि एक्स-रेमध्ये फ्रॅक्चरबरोबर सांध्याची जुनी झीजही दिसते, तेव्हा घरात हमखास निघणारा प्रश्न असा, की ऑपरेशन करायचेच आहे तर सांधाही आताच बदलून घ्यावा का?

मुळात शस्त्रक्रिया लागते का, हे आधी ठरते. तुकडे फारसे सरकलेले नसतील आणि गुडघा न वाकवता टाच पलंगावरून उचलता येत असेल, तर प्लास्टर किंवा ब्रेसमध्ये चार ते सहा आठवडे बहुधा पुरतात. वेदना आटोक्यात आणूनही टाच उचलली जात नसेल, तर मांडीच्या स्नायूची नडगीवरची ओढ तुटलेली असते आणि वाटी जोडावीच लागते.

वाटी जोडताना सहसा दोन सरळ तारा आणि त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आवळलेली तार वापरतात. सांधेरोपणापेक्षा ही शस्त्रक्रिया लहान असते. तिचे तोटे असे, की ठिसूळ हाडात तार रुतून पकड सैल होऊ शकते, पातळ त्वचेखाली ती टोचत राहिल्यास पुढे काढावी लागते आणि झिजेचे दुखणे तसेच राहते.

दोन्ही एकदम केल्यास भूल एकदाच आणि रुग्णालयातला मुक्कामही एकदाच, हे आकर्षण खरे आहे. पण रोपणानंतर गुडघा लगेच वाकवायला लावतात, तर नुकत्याच जोडलेल्या वाटीला काही आठवडे जपावे लागते. शिवाय रोपणासाठी सांधा बहुतेक वेळा आतल्या बाजूने उघडतात, त्यामुळे फुटलेल्या वाटीचा रक्तपुरवठा आणखी घटतो. कृत्रिम सांध्यावरची वाटी जुळली नाही किंवा जंतुसंसर्ग झाला, तर पुढची दुरुस्ती फार अवघड असते.

म्हणून एक्स-रेपेक्षा पडण्याआधीच्या चालण्याला अधिक वजन द्यावे, असे माझे मत आहे. बाजारहाट स्वतः करणाऱ्या, क्वचितच गोळी घेणाऱ्या व्यक्तीची आधी वाटीच जोडावी; अशा काहींना पुढे रोपणाची गरजही भासत नाही. पाय धनुष्यासारखे वाकलेले आहेत, रोपणाचा सल्ला आधीच मिळालेला आहे, वाटीचे आडवे दोनच तुकडे आहेत आणि मधुमेह काबूत आहे, अशा रुग्णासाठी एकत्र शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो, मात्र शल्यचिकित्सक दोन्हींत मुरलेला हवा. हृदयविकारामुळे दुसऱ्यांदा भूल देणे धोक्याचे असेल, तर पारडे थोडे याच बाजूला झुकते. खर्चाचा हिशेब करताना, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा असली तरी ती रुग्णालयाच्या एकूण बिलावर नाही, हे ध्यानात ठेवावे.

दोन टप्पे ठरले, तर वाटी जोडतानाचा छेद गुडघ्याच्या मधोमध उभा घेता येईल का, हे आधीच विचारावे. हाड जुळल्यावर, म्हणजे साधारण तीन महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा, त्याच छेदातून तारा काढणे आणि सांधा बदलणे बहुधा एकाच वेळी होऊ शकते.