इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, कोणती ५० एमएम लेन्स लावायची, सोनार की नोक्टॉन?

झाइसची सी सोनार आणि फोख्टलेंडरची नोक्टॉन, दोन्ही ५० एमएम, एफ १.५ (म्हणजे भरपूर उजेड आत घेणाऱ्या), लायकाच्या एम माउंटला बसणाऱ्या लेन्स, पण स्वभाव पार वेगळा. सोनारचं मूळ डिझाइन लुडविग बर्टेलेचं, १९३० च्या दशकातलं, पूर्ण उघडी ठेवली की चेहरा मऊ येतो, मागचे दिवे मस्त विरघळतात, सराफ्यात गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईमागचा माणूस, कपाळावरचा घाम, वरचा बल्ब, हे सगळं तीच जिवंत करते बघा. पण तिला फोकस शिफ्ट आहे, म्हणजे जवळून डोळ्यावर फोकस जुळवला आणि अ‍ॅपर्चर बारीक करून २.८ केलं की फोकस कानाकडे सरकतो, आणि रेंजफाइंडर कॅमेऱ्यात वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवतात, लेन्समधून दिसतच नसल्यामुळे ते आधी कळत नाही. शिवाय ०.९ मीटरच्या आत फोकस होत नाही, गर्दीत फार नडतं.

नोक्टॉन अ‍ॅस्फेरिकल (खास वक्राची काच असलेली), ०.७ मीटरपर्यंत फोकस होते, उघडी असतानाही शार्प. सराफ्याजवळच्या राजवाड्याचे झरोके काढायचे तर हीच.

एकच घ्यायची तर मी नोक्टॉन घेईन, पण माणसांचेच फोटो काढत असाल तर सोनारच घ्या, फक्त सेकंडहँड घेताना एक मीटरवरून १.५ ला टेस्ट करा, काही जुन्या पीस २.८ ला जुळवलेल्या असतात, त्यांचा फोकस १.५ ला पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला, पडतो.