बेंडिंग आयर्न: पाईप झकास, नॉबने वैताग दिला

मी गिटारी बनवतो, आणि त्यांचं लाकूड तापवून वाकवायला हे बेंडिंग आयर्न, म्हणजे तापणारा धातूचा पाईप, घेतलं. मेपलच्या बाईंडिंगची (गिटारच्या कडेला बसवायच्या लाकडी काठाची) पट्टी गिटारच्या कमरेच्या वळणावर होती आणि नेमका तेव्हाच या बेंडिंग आयर्नचा थर्मोस्टॅट गेला. गेला म्हणजे पाईप थंड पडला असता तर परवडलं असतं. आतले काँटॅक्ट चिकटले आणि पाईप तापतच सुटला. पट्टी काढेपर्यंत तिची आतली बाजू काळी पडली होती. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कंपनीला कळवलं, तर म्हणे "हीटिंगच्या भागांना वॉरंटी नाही". ज्याचं काम तापणं थांबवायचं, तो हीटिंगचा भाग कसा, हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलून समजावलं. शेवटी पार्ट फुकट आला, पण त्यासाठी जो पिच्छा पुरवावा लागला त्याचा एक स्टार मी कापलाय.

आता वस्तूबद्दल. अंड्याच्या आकाराचा जाड ॲल्युमिनियमचा पाईप, आत हीटर, बाजूला नॉब. गिटारच्या साईडचं, म्हणजे बाजूच्या भिंतीचं, लाकूड साधारण 2 मिमीपर्यंत रंधून आणलेलं असतं. उष्णतेने त्यातलं लिग्निन, म्हणजे रेशे बांधून ठेवणारा घटक, मऊ पडतं, रेशे एकमेकांवर सरकतात आणि लाकूड वाकतं. थंड होईपर्यंत धरून ठेवलं की आकार टिकतो, थोडं मागे येतंच, म्हणून मोल्डपेक्षा (साच्यापेक्षा) किंचित जास्त वाकवायचं. हे काम हा पाईप सुरेख करतो. जाड धातूत उष्णता साठून राहते, त्यामुळे ओलं लाकूड टेकवलं तरी तो लगेच थंडावत नाही. रुंद बाजूवर मोठी वळणं, टोकाच्या बाजूवर कंबर आणि कटअवे (गिटारच्या खांद्याजवळची खोलगट खाच). शिसवीच्या साईड तर इतक्या गुमान वळल्या की पहिल्या महिन्यात मी भेटेल त्याला हे आयर्न घ्यायला सांगत होतो.

तक्रार सुरू झाली ती सजावटीच्या कामाला लागल्यावर. नॉबवर 1 ते 10 आकडे आहेत, अंश कुठेच नाहीत. साईडला ते चालून जातं, पाण्याचा थेंब टाकून अंदाज येतो. थेंब चुरचुरत आटला तर ठीक, गोळी होऊन घरंगळायला लागला तर पाईप फार तापलाय. पण बाईंडिंगला हा अंदाज पुरत नाही. साईडवरचा करपलेला डाग स्क्रेपरने निघतो. मेपलच्या बाईंडिंगची आतली बाजू करपली तर ती तपकिरी रेघ वरच्या काठावर, पर्फलिंगला (बाईंडिंगच्या आतल्या सजावटीच्या बारीक पट्टीला) अगदी खेटून, कायमची दिसत राहते. हेरिंगबोन नक्षीच्या पांढऱ्या-काळ्या तिरप्या तुकड्यांशेजारी तर ती जास्तच उठून दिसते. दोन-दोन दिवस रोझेटचे (गिटारच्या गोल भोकाभोवतीच्या नक्षीचे) तुकडे बसवणाऱ्या माणसाला अशी रेघ सहन होत नाही.

आणि एकाच आकड्यावर तापमान स्थिर राहत नाही. पत्तीचा थर्मोस्टॅट बंद होतो, पाईप निवतो, पुन्हा चालू होतो, आणि त्या हेलकाव्यात आधीची पट्टी छान वळते, पुढची करपते. त्यावर पाणी जास्त मारावं तर दुसरंच दुखणं: रंगवलेल्या काळ्या व्हेनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) रंग सुटून मेपलमध्ये शिरतो. वाकवताना लाकडाच्या बाहेरून आधाराला धरायची धातूची पट्टी साध्या लोखंडाची असेल तर ओल्या अक्रोडावर काळेनिळे डाग पडतात, कारण लाकडातल्या टॅनिनची लोखंडाशी प्रतिक्रिया होते. स्टेनलेसची पट्टी घ्या, किंवा मध्ये कागद ठेवा. ही आधाराची पट्टी हवीच, कारण वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. लहरिया मेपलमध्ये तर फारच, कारण त्याचे रेशे सरळ धावत नाहीत.

फुकट आलेला थर्मोस्टॅट मी बसवलाच नाही. जो भाग एकदा चिकटला, त्याच जातीचा भाग पुन्हा कशाला? ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आणि डिजिटल कंट्रोलर लावून घेतला. नवीन, महागडं मॉडेल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात झालं, आणि माझं मत इथे पार बदललं. आता 150 अंशांच्या आसपास ठेवतो, चार बाईंडिंगच्या पट्ट्या टेपने एकत्र बांधतो, जेमतेम ओलसर करतो आणि एकदमच वळवतो. चारही सारख्या येतात, डाग नाही. म्हणजे पाईप पहिल्यापासून चांगलाच होता, त्याच्यावर बसवलेला कंट्रोल भिकार होता. कंपनीने पैसा नेमका चुकीच्या जागी वाचवला.

साईडसाठी हीटिंग ब्लँकेट (विजेवर तापणारी लवचिक चादर) वापरणारे म्हणतील, पाईप हवाच कशाला. एकाच आकाराच्या गिटारी ओळीने करायच्या असतील तर ब्लँकेट आणि मोल्ड बरे. पण कटअवेचं आवळ वळण आणि मोल्डमध्ये जाताना थोडी हट्टाला पेटलेली साईड नीट करायला पाईपच लागतो, आणि एखादी जुनी गिटार दुरुस्तीला आली की बाईंडिंगचा तुकडा हातानेच वळवावा लागतो.

हॅन्डल, स्टँड ठीक. कॉर्ड मात्र पाईपच्या फार जवळून निघते, तिला वरून उष्णतारोधक बाही चढवा. शिसवीचं तेल पाईपवर चिकटून काळा थर धरतं, तो गार पाईपवर बारीक सॅन्डपेपरने काढत जा, नाहीतर पुढच्या फिकट लाकडावर उतरतो. आणि घेण्याआधी अर्थिंगची पिन खरोखर पाईपला जोडली आहे का, हे मीटरने तपासून घ्या. ओलं लाकूड, ओले हात आणि उघडा धातू, इथे विक्रेत्याच्या शब्दावर भरवसा ठेवू नका.