क्यूचा शाफ्ट चिकट झाला: स्पंज, स्पिरिट की पॉलिश पेपर?

पूल किंवा स्नूकरसाठी स्वतःचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेतल्यावर काही महिन्यांतच हा प्रश्न समोर येतो. टिपेपासून (चेंडूला लागणाऱ्या टोकापासून) वीत-दीड वीत लाकूड निळसर करडं पडलेलं असतं, ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांतून शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) अडखळत सरकतो आणि क्लबमधले चार जण चार उपाय सांगतात. एक म्हणतो, ओल्या फडक्याने पुसून काढ. दुसरा म्हणतो, औषधाच्या दुकानातून स्पिरिट आण. मार्कर, म्हणजे क्लबात टेबलं सांभाळणारा माणूस, खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून तिथल्या तिथे घासायला घेतो. यातल्या प्रत्येक उपायाने शाफ्ट गुळगुळीत होतो, म्हणूनच निवड अवघड जाते. निवडताना बघायचं ते एवढंच, की त्या बदल्यात लाकडाचं किती जातं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चिकटपणा घालवा आणि निळ्या रंगाचा नाद सोडा. लाकडाच्या छिद्रांत मुरलेल्या रंगाने फटका जरासुद्धा बदलत नाही. तो रंग काढायच्या हट्टापायी चांगले शाफ्ट बारीक झालेले मात्र मी बरेच पाहिले आहेत.

मळ कसला आणि लाकूड कोणतं

टिप चेंडूवरून घसरू नये म्हणून क्यूला लावायचा चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी १८९७ मध्ये अमेरिकेत ज्या चॉकचं पेटंट घेतलं, त्याच वंशातला आजचा चॉक आहे: सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, तिला धरून ठेवणारा पदार्थ आणि रंग. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड हे पॉलिश पेपरवरही असतं. हातातला घाम आणि तेल या पुडीला शाफ्टवर चिकटवून ठेवतात. म्हणून कोणताही उपाय निवडला तरी पहिली पायरी एकच: स्वच्छ, कोरड्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पूड झाडून घ्या. तशीच पूड दाबून चोळली, तर फडकंच पॉलिश पेपरचं काम करू लागतं.

पूलच्या क्यूचा शाफ्ट बहुधा हार्ड मेपलचा असतो आणि टिपेपाशी साधारण १२ ते १३ मिमी जाड असतो. मेपलची छिद्रं बारीक, पृष्ठभाग घट्ट. स्नूकरचा क्यू बहुतेक वेळा अ‍ॅशचा, टिप ९ ते १० मिमीच्या आसपास, आणि शाफ्टवर बाणांसारख्या गडद रेषा दिसतात. अ‍ॅशची छिद्रं उघडी आणि मोठी असल्यामुळे त्यात चॉक खोलवर बसतो. दोन्ही लाकडांना पाणी लागलं की तंतू फुगून वर उभे राहतात आणि वाळल्यावर हाताला खरखर लागते.

तिसरी गोष्ट, शाफ्टवर काही थर आहे का? ओलसर बोट शाफ्टच्या मधल्या भागावर क्षणभर टेकवा. लाकूड गडद झालं तर ते उघडं आहे. नाही झालं तर त्यावर सीलर किंवा लॅकर आहे. स्वस्त क्यूंवर बरेचदा जाड चकचकीत लॅकर असतं आणि घामेजल्या हाताला मुळात तेच चिकटतं. तिथे कितीही पुसलं तरी समाधान होत नाही.

ओलसर फडकं आणि मेलामाइन स्पंज

पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, लगेच मागोमाग कोरडं फडकं. सील केलेल्या शाफ्टला नेहमीच्या सफाईसाठी एवढं पुरतं. उघड्या लाकडाला हे जपून करावं. काच पुसायचे स्प्रे मुख्यतः पाणीच असतात. त्यांनी शाफ्ट स्वच्छ झाल्यासारखा वाटतो, पण तंतू तसेच उभे राहतात.

भिंतीवरचे डाग काढायचा पांढरा मेलामाइन स्पंज याच्या एक पायरी वरचा. त्याला साबण लागत नाही, कारण त्या फेसाची जाळी स्वतःच कडक असते आणि पृष्ठभाग अत्यंत बारीक घासत जाते. म्हणजे हासुद्धा एक प्रकारचा पॉलिश पेपरच, फक्त फार सौम्य. ओला करून पिळायचा, टिपेपासून सांध्याच्या (शाफ्ट मागच्या भागाला जोडला जातो त्या जागेच्या) दिशेने लांब हात फिरवायचे, आडवं घासायचं नाही. निळा थर झपाट्याने उतरताना दिसतो आणि तिथेच हात थांबत नाही, हा त्याचा खरा धोका. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर याच्या जागी वापरू नये. त्यातले कण कितीतरी भरड असतात.

स्पिरिट

आयसोप्रोपिल अल्कोहोल घामातलं तेल विरघळवतं, त्याबरोबर चॉकची पकड सुटते, आणि ते पटकन उडून जातं. लाकूड घासलं जात नाही हा त्याचा मोठा गुण. दोन बाटल्या समोर असतील तर ९९ टक्क्यांची घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग बहुतांशी पाणी असतं आणि ते तंतू उभे करतं. फडक्यावर थोडं घ्यायचं, शाफ्टवर ओतायचं नाही.

घरात पडलेला जेल सॅनिटायझर वापरायचा मोह होतो. त्यातलं ग्लिसरीन आणि घट्टपणा आणणारे पदार्थ लाकडावर राहतात, म्हणजे चिकटपणा काढायला जाऊन नवा लावून बसतो. सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर घटक वाचा. तेलाचा अंश असलेलं नको. थिनरला तर हातही लावू नका.

स्पिरिटच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. शाफ्टवरचं मेण ते पुसून टाकतं आणि सीलर लाखेचा असेल तर तोही विरघळतो. त्यानंतर लाकूड उघडं पडतं आणि पुढच्या खेळात आधीपेक्षा लवकर मळतं. सांध्याजवळचे काही सेंटीमीटर बरेचदा चकचकीत थराने बंद केलेले असतात, तिथवर फडकं नेऊ नका. बटवर, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागावर, तर नकोच. फेरूल (टिपेमागचं कडं) अ‍ॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकचं असेल तर अल्कोहोलने त्यावर बारीक तडे उमटू शकतात. आणि हे पेट घेणारं द्रव्य आहे, तेव्हा गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर बसून काम करावं.

पॉलिश पेपर

मार्करच्या खिशातला तुकडा सगळ्यात झटपट फळ देतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. एका वेळी काढलेलं लाकूड नजरेला दिसत नाही, पण ते परत येत नाही. बाजारात १३ मिमी आणि १२.७५ मिमीचे शाफ्ट वेगळे म्हणून विकले जातात, कारण खेळाडूला तो फरक बोटांत कळतो. हा फरक म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिलिमीटर. दर आठवड्याला पेपर मारणारा माणूस या पाव मिलिमीटरच्या दिशेने नकळत चाललेला असतो.

शिवाय लाकूड एकसारखं झिजत नाही. मळ टिपेजवळ, म्हणून हात तिथेच जास्त चालतो, आणि टिपेमागचा जो भाग ठरावीक अंतरापर्यंत जवळपास सरळ ठेवलेला असतो तो मध्येच बारीक होतो. फेरूल आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने झिजतात. स्नूकरच्या क्यूवर पितळेचं फेरूल असतं, ते जागचं हलत नाही आणि त्यामागचं लाकूड खाली जातं. ती कड एकदा बोटाला लागू लागली की प्रत्येक फटक्याला लागते.

पेपरला जागा आहे, पण ती उपचाराची. पाण्याने तंतू उभे राहिलेत, एखादी बारीक ओरखड आलीय, पावसाळ्यानंतर खरखर गेलीच नाही, अशा वेळी १५०० किंवा २००० नंबरचा पेपर, कोरडा, दाब न देता, दोन-चार लांब हात. त्याहून भरड ४०० किंवा ६०० नंबर घरी वापरायचं कारणच नाही. पेंटच्या दुकानातला काळा वॉटर पेपर घेतलात तर त्याची काळी भुकटी फिकट मेपलच्या छिद्रांत बसू शकते. नंतर कोरड्या फडक्याने नीट झाडा. पोलादी लोकर तर टाळाच. तिचे तुटके तंतू लाकडात अडकतात आणि आपल्या दमट हवेत गंजतात.

साफ केल्यानंतरचं काम

बहुतेक जण सफाईवर थांबतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात. खरा फरक पुढच्या पाच मिनिटांत पडतो. चपला दुरुस्त करणाऱ्याकडून गुळगुळीत चामड्याचा तळहाताएवढा तुकडा आणा. शाफ्ट पूर्ण वाळला की तो भोवती गुंडाळून घट्ट धरा आणि लांबीच्या दिशेने जोरात चोळा. हाताला ऊब जाणवली पाहिजे. या उष्णतेने आणि दाबाने उभे तंतू बसतात आणि पृष्ठभाग घट्ट होतो. चामडं नसेल तर जाड खाकी कागदाची गुळगुळीत बाजूही चालते.

त्यावर मेण लावायचं की तेल, याचं उत्तर लाकडावर आहे. मेपलला मेण. कार्नोबाचं घट्ट मेण अगदी पातळ लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा चामड्याने चोळायचं. गाडीच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन किंवा घासणारे कण असतात, ते इथे नकोत.

जवसाच्या तेलाचा सल्ला जुन्या बिलियर्ड्स रूममधून आलेला आहे आणि तिथे तो बरोबरच होता. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं अजिंक्यपद जिंकलं, त्या परंपरेतला क्यू अ‍ॅशचा. अ‍ॅशच्या उघड्या छिद्रांत जवसाचं तेल शिरतं, हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं आणि मळाला जागा ठेवत नाही. वर्षातून एक-दोनदा, थेंबांत मोजून, जादा तेल पुसून आणि काही दिवस वाळवून लावलं तर अ‍ॅशला याहून चांगलं काही नाही. पूलच्या मेपल शाफ्टला मात्र ते कशाला? बंद छिद्रांत ते शिरत नाही, वर चिकट राहतं. खोबरेल तर कोणत्याच शाफ्टला लावू नये, कारण ते कधीच सुकत नाही.

एक इशारा इथेच देतो. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलाने माखलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकते. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आपल्या हवेत काय निवडाल

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर ओले उपाय शक्यतो बाजूला ठेवावेत. लाकूड आधीच ओलावा घेऊन बसलेलं असतं, एसी क्लबमध्ये ते सुकतं, बाहेर पडलं की पुन्हा फुगतं. या दिवसांत कोरडं मायक्रोफायबर आणि चामडं, गरज पडली तर स्पिरिट. मेणाचा थर ओलावा अडवत नाही, पण त्याची ये-जा मंदावतो, म्हणून तो पावसाळ्याच्या तोंडावर लावावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात स्पंज वापरायला हरकत नाही. क्यू गाडीच्या डिकीत आणि भिंतीला तिरका टेकवून मात्र कुठेच ठेवू नका.

आठवड्यातून एखाद-दोनदा खेळत असाल तर दर खेळानंतर कोरडं फडकं आणि चामडं एवढ्यावर महिनोन्‌महिने निघतात. रोज खेळणाऱ्यांनी जमेल तेव्हा स्पिरिटचा एक हलका हात आणि त्यामागोमाग मेण, हा क्रम धरावा. शाफ्ट सेकंडहँड घेतलाय आणि पार काळवंडलाय? तेव्हा मेलामाइन स्पंज, एकदाच, आणि त्यानंतर पूर्ण वाळवून चामडं आणि मेण. जाड लॅकरचा स्वस्त क्यू असेल तर तो घरी खरवडत बसण्यापेक्षा लेथवर काम करणाऱ्या क्यू दुरुस्तीवाल्याकडे द्यावा. लॅकर एकसारखं तिथेच उतरतं.

ज्यांच्या हातांना फार घाम येतो, त्यांनी या सगळ्याआधी तीन बोटांचा हातमोजा घेऊन बघावा. पावडर थोडा वेळच साथ देते, मग घामात मिसळून तिचाच लेप होतो आणि टेबलावरच्या कापडावरही उतरतो. हातमोज्याने शाफ्ट मुळात कमी मळतो. तेही पटलं नाही आणि देखभालीचाच कंटाळा असेल, तर कार्बन फायबरचा शाफ्ट स्पिरिटच्या फडक्याने पुसला की झालं, ओलाव्याने तो वाकतही नाही. महाग पडतो आणि फटक्याचा आवाज, हाताला येणारी कंपनं वेगळी असतात, म्हणून विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून तासभर खेळून पाहा.