शिकागोतील कोपर्निकस स्मारक: तारांगणात शिरण्याआधी थांबावे असे ठिकाण

शिकागोच्या ॲडलर तारांगणाबाहेर पोलिश खगोलशास्त्रज्ञ निकोलस कोपर्निकसचा बैठा कांस्यपुतळा आहे. तारांगण पाहायला येणारे बरेच पर्यटक त्याच्यावर ओझरती नजर टाकून आत जातात, किंवा त्याच्याकडे पाठ करून मिशिगन सरोवराच्या काठावरील उंच इमारतींची छायाचित्रे काढतात. माझ्या मते मात्र हे स्मारक मुद्दाम वेळ काढून पाहण्याच्या योग्यतेचे आहे, आणि त्याचे श्रेय शिल्पाइतकेच ते उभारणाऱ्या लोकांनाही आहे.

मूळ शिल्प डॅनिश शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसन यांचे असून १८३० मध्ये वॉर्सात त्याचे अनावरण झाले. त्यावरून ब्रोनिस्वाव कोन्युशी यांनी घडवलेली ही प्रतिकृती कोपर्निकसच्या पाचशेव्या जन्मवर्षी, म्हणजे १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, शिकागोतील पोलिश समाजाने शहराला अर्पण केली. केवळ प्रतिकृती म्हणून तिला दुय्यम लेखणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या महायुद्धात कोपर्निकस जर्मन असल्याचा दावा करत नाझींनी वॉर्सातील पुतळ्यावर जर्मन फलक लावला. फेब्रुवारी १९४२ मध्ये आलेक्सी दाविदोव्स्की या तरुणाने जिवावर उदार होऊन तो काढून नेला. पुढे जर्मनांनी पुतळाच उचलून नेला आणि युद्धानंतर तो नीसा येथे सापडल्यावर वॉर्सात परत आणला गेला. एवढे सोसून जागेवर परतलेलेच शिल्प पोलिश स्थलांतरितांनी आपल्या नव्या शहरासाठी निवडावे, हे मला अत्यंत उचित वाटते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीविषयी जे जाणतात, त्यांना परक्या भूमीवर आपल्या माणसांच्या खुणा जपण्याची ही ओढ अनोळखी वाटणार नाही.

पायघोळ वस्त्रातील कोपर्निकसच्या एका हातात कंपास, तर दुसऱ्या हातात खगोलाची वर्तुळे दाखवणारा कड्यांचा गोल आहे, आणि त्याची दृष्टी वर आकाशाकडे लागलेली आहे. मांडणी अतिशय संयत आहे. एक उणीव मात्र जाणवते: सूर्यकेंद्री सिद्धान्ताचा ग्रंथ ज्याने वर्षानुवर्षे प्रकाशित केला नाही आणि जो अखेर १५४३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी बाहेर पडला, त्या माणसाची घालमेल थोरवाल्डसन यांच्या अभिजात शैलीतील या शांत चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही. जागेची निवड मात्र निर्दोष आहे. ॲडलर हे १९३० मध्ये सुरू झालेले अमेरिकेतील पहिले तारांगण. आपल्या खगोलशास्त्रज्ञाला एखाद्या वस्तीतील चौकात न बसवता त्याच्या विद्येच्या दाराशी बसवण्यात या समाजाची मोठी समज दिसते.

पुतळा उघड्यावर असल्याने तिकीट लागत नाही. तारांगणाकडे येणाऱ्या या रस्त्याला पोलंडमधील कामगार चळवळीवरून सॉलिडॅरिटी ड्राइव्ह असे नाव दिलेले आहे आणि त्याच रस्त्यावर तादेउश कोश्चुश्को या पोलिश सेनानीचा अश्वारूढ पुतळाही आहे. तेव्हा गाडी थेट तारांगणापर्यंत न नेता हा रस्ता पायी चालावा आणि दोन्ही पुतळे एकत्र पाहावेत. हिवाळ्यात सरोवरावरून येणारा वारा असह्य असतो, म्हणून लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर उन्हाळ्यातच जावे.